दहा मिनिटांत भूजल: ग्रामसभेत अवघड विषय मांडताना

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सातवा-आठवा विषय 'गावाचा पाण्याचा ताळेबंद' असा असतो. बोलणाऱ्याला दहा मिनिटं मिळतात. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी स्वतःच्या पैशाने विहिरी खोदल्यात, बोअर मारलीत, त्यातली निम्मी कोरडी गेलीत. आणि बोलणारा सुरुवात करतो, "जलधराची स्पेसिफिक यील्ड..." तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत तंबाखू मळायला लागतात.

भूजल हा समजवायला अवघड विषय, कारण ते दिसत नाही आणि तरी प्रत्येकाचं त्याबद्दल पक्कं मत असतं. म्हणूनच इथे उदाहरणाला तोच घेतला आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी लसीकरण, वीजबिल, पीकविमा अशा कुठल्याही विषयाला लागू पडतात.

आधी एक वाक्य

भाषण लिहायला घेण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: सभा संपल्यावर घरी गेलेल्या माणसाने बायकोला काय सांगावं? "भूजलाचं महत्त्व सांगितलं" हे वाक्य चालणार नाही, त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. "यंदा आपल्याकडे तीस हेक्टर उसाचं पाणी आहे, किंवा तीनशे हेक्टर ज्वारीचं" हे चालेल. त्यात आकडा आहे, निवड आहे, आणि ऐकणाऱ्याला लगेच वाद घालता येतो. ज्यावर वाद घालता येत नाही ते वाक्य बहुधा पोकळ असतं.

हे वाक्य तयार होईपर्यंत बाकी काही करू नका. चित्रं काढू नका, पीपीटी तर उघडूच नका. यातच दोन संध्याकाळी गेल्या तर त्या वाया गेल्या असं समजू नका.

एकच माप, शेवटपर्यंत

भूजलाच्या अहवालात पाऊस मिलिमीटरमध्ये, क्षेत्र हेक्टरमध्ये, साठा टीसीएममध्ये (हजार घनमीटर), विहिरीची पातळी मीटरमध्ये आणि पिण्याचं पाणी लिटरमध्ये असतं. दहा मिनिटांत पाच मापं कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत. दुष्काळी भागात टँकर हे माप सगळ्यांना माहीत आहे, आणि सुदैवाने हिशेबही नेमका जुळतो: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर एक. पाऊस किती मिलिमीटर झाला ते कळलं की हेक्टरी तितके टँकर पडले, गुणाकारसुद्धा लागत नाही.

आता गावाचं गणित करून बघू. क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, लोकसंख्या २,००० धरू.

गावावर पडले ५ लाख टँकर. हा आकडा ऐकून सभा खूश होते, होऊ द्या. यातलं बरंचसं उन्हाने उडतं, पिकं-झाडं पितात, ओढ्याने वाहून जातं. बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, पावसाचा साधारण ७ ते १३ टक्के भाग मुरतो असं धरून भूजलाचे अंदाज बांधतात. भाषणात १० टक्के घ्या: मुरले ५० हजार टँकर.

पिण्याला आणि वापराला माणशी रोज ५५ लिटर. दोन हजार माणसं, ३६५ दिवस: ४ कोटी दीड लाख लिटर, म्हणजे सुमारे ४ हजार टँकर. हे आधी बाजूला काढायचं, त्यावर वाद नाही. उरले ४६ हजार. जनावरांचं पाणी यात धरलेलं नाही, ते गावातली जनावरं मोजून वेगळं काढा.

उसाला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. इथे घाई केली तर सभा हातची जाते. हेक्टरी २ हजार टँकर असं म्हणालात तर कुणीतरी उठून म्हणणारच, "आणि पाऊस पडतो तो कुठे धरला?" त्याचं बरोबर असतं. म्हणून पावसाचे ५०० आधीच वजा करा आणि १,५०० सांगा. ४६ हजाराला दीड हजाराने भागलं की ३० हेक्टरच्या थोडं वर येतं, म्हणजे पाऊणशे एकर. तेच पाणी रब्बी ज्वारीला, ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर, हेक्टरी १५० टँकर: ३०० हेक्टरला पुरतं.

वर लिहिलेलं एक वाक्य या हिशेबातून निघालं आहे. हिशेब बदलला तर वाक्य बदलेल, म्हणून आकडे तुमच्या गावाचेच हवेत. क्षेत्र गाव नमुना एकमधून, म्हणजे गावच्या जमिनीच्या नोंदवहीतून मिळतं, पिकं पीक पाहणीतून. पावसाला महसूल मंडळाचा आकडा वापरावा लागतो, पण मंडळाचं ठिकाण दहा-बारा किलोमीटरवर असेल तर "आपल्याकडे एवढा झालाच नाही" हे ऐकायची तयारी ठेवा. शाळेत पर्जन्यमापक असेल आणि नोंद नीट ठेवलेली असेल तर तोच आकडा घ्या. उपसा टँकरमध्ये सांगायचा तर एका मोटारीवर मोजून बघा: २०० लिटरचा पिंप २५ सेकंदांत भरला तर तासाला २८,८०० लिटर, जवळपास तीन टँकर. "मोटार रात्रभर आठ तास चालली की तेवीस टँकर" हे वाक्य विशेष काही न करता लोकांच्या लक्षात राहतं.

एकच मापाचा हा उपाय सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. वीजबिलाला चालतो: ७५ वॅटचा पंखा आठ तास चालला की ०.६ युनिट, मग फ्रिज, गिझर, मोटार सगळं 'पंख्याच्या रात्रीं'त मोजा. पण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेबद्दल बोलायचं तर चार किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजायचा असतो. रोजच्या जगण्यात त्याला माप नाही. ओढूनताणून केसाच्या जाडीचे भाग पाडत बसू नका. तिथे मोजतात कसं हे सांगावं, किती हे सोडून द्यावं.

काय गाळायचं

भूशास्त्र शिकलेल्या माणसाला ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा मोह आवरत नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्या थरांनी झाकलेला आहे, गोष्ट रंगतदारही आहे, आणि दहा मिनिटांतली तीन मिनिटं ती खाते. ऊस की ज्वारी या प्रश्नाला तिचा उपयोग शून्य. गाळा. त्याचप्रमाणे भूजल कायद्यातली कलमं, पाणलोटाचा संकेतांक, योजनेचं पूर्ण नाव आणि ती कधी सुरू झाली, हेही.

गाळलेलं फेकून देऊ नका. एका वेगळ्या कागदावर ते प्रश्नोत्तरांसाठी ठेवा. मुरलेल्या पाण्यातलं काही पाणी हिवाळ्यात ओढ्याला परत येतं, त्यामुळे सगळे ५० हजार टँकर उपसता येत नाहीत, ही गोष्ट खरी आणि महत्त्वाची आहे. पण ती मुख्य भाषणात घातली की आकड्याला फाटे फुटतात. कुणी विचारलं तर सांगा. कुणी नाही विचारलं तर आकडे मांडताना "याहून कमीच, जास्त नाही" एवढं म्हणून पुढे जा.

शब्द गावाकडूनच घ्या

'जलधर', 'पुनर्भरण', 'सच्छिद्रता' हे शब्द चुकीचे नाहीत, पण ते कार्यालयातले आहेत. सभेच्या आदल्या दिवशी गावात विहिरी खोदणाऱ्या दोन-तीन माणसांशी अर्धा तास बोला. वरचा थर मुरूम, त्याखाली मांजऱ्या (छिद्रांचा, मऊसर खडक), मग काळा पाषाण, असे शब्द तुम्हाला तिथे मिळतील. तालुका बदलला की शब्दही थोडे बदलतात, म्हणून पुस्तकातून उचलू नका. पाणी 'लागतं', झरा 'फुटतो', विहीर 'उपसते', मोटार 'वढती' असं ज्या क्रियापदांनी गाव बोलतं, त्यांनीच वाक्यं बांधा. मात्र तिथली बोली तुमची नसेल तर तिची नक्कल करू नका. शब्द घ्या, हेल घेऊ नका. लोकांना ती थट्टा वाटते.

एखादा तांत्रिक शब्द द्यायचाच असेल तर आधी वस्तू दाखवा, मग नाव सांगा. "या छिद्रांत पाणी बसतं" असं दगड हातात धरून सांगितल्यावर 'सच्छिद्र' म्हटलं तर चालतं. उलट क्रमाने सांगितलं की माणसं शब्दापाशीच अडकतात.

उपमा आणि तिचा तुटण्याचा बिंदू

भूजलासाठी स्पंजाची उपमा पाठ्यपुस्तकातून सगळीकडे पसरली आहे. आपल्या खडकासाठी ती वाईट आहे. स्पंज पिळला की भरपूर पाणी निघतं; पाणी धरणारा बसाल्ट त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के पाणी देतो. स्पंज डोक्यात बसलेला माणूस म्हणतो, मग अजून पिळू या, बोअर अजून खोल नेऊ या. जमिनीखालच्या नदीची उपमा त्याहून घातक. खडीने भरलेल्या ग्लासात पाणी ओतून दाखवायचा प्रयोगही नको: खडीमध्ये पोकळी खूप असते, ग्लास जवळपास निम्मा पाणी पितो आणि तुम्ही दोन टक्के म्हणता ते खोटं वाटतं.

बँकेच्या खात्याची उपमा बरी आहे, पण ती देताना खातं सामाईक आहे आणि चेकबुक दोनशे जणांकडे आहे हे त्याच वाक्यात सांगा. नाहीतर प्रत्येक जण आपली विहीर म्हणजे आपलं खातं समजतो.

कुठलीही उपमा घेण्याआधी स्वतःला विचारा: ही खरी मानून ऐकणारा उद्या काय करेल? तो करेल ते चुकीचं ठरणार असेल तर उपमा कितीही गोड असो, सोडून द्या.

दगड, चमचे आणि दोरी

उपमेपेक्षा वस्तू बरी. तीन वस्तू पुरतात, आणि तिन्ही फुकट मिळतात.

विहिरीच्या मलब्यातून मांजऱ्याचा एक मोठा धोंडा आणा, साधारण एक लिटरच्या बाटलीएवढा. शेजारी एक लिटरची पाण्याची बाटली ठेवा. "हा दगड या बाटलीएवढा. यातून पाणी किती निघेल?" असं विचारून थांबा. पाव लिटर, अर्धा लिटर अशी उत्तरं येऊ द्या. मग चहाच्या चमच्याने चार चमचे पाणी मोजून काचेच्या ग्लासात टाका. चार चमचे म्हणजे २० मिलिलिटर, म्हणजे लिटरचे दोन टक्के. ग्लास पुढच्या रांगेत फिरवा. ही ४० सेकंद तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल, किंबहुना गप्पच राहा.

आता दोरी. गावातल्या एखाद्या ठरावीक विहिरीच्या खोलीएवढी, समजा ४० फूट, दोरी घ्या. मुरूम जिथे संपतो, मांजऱ्या जिथे संपतो तिथे वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधा. सभेत दोन पोरांना उभं करून ती जमिनीला समांतर ताणून धरायला सांगा. दोन टक्क्यांचा खरा अर्थ इथे उलगडतो: ५० मिलिमीटर पाणी मुरलं, दोन इंच, तर खडकात जागाच कमी असल्याने पातळी अडीच मीटर वर येते, आठ फूट. दोरीवर आठ फुटांचा तुकडा हाताने दाखवा. विहीर भराभर भरते ती पाणी उदंड आहे म्हणून नव्हे, भांडं अरुंद आहे म्हणून. आणि म्हणूनच ती माघ-फाल्गुनात भराभर उतरते. ज्याच्या विहिरीने दरवर्षी हेच केलंय, त्याला हे सांगितल्यावर चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पाहण्यासारखा असतो. भाषणाचा कळस इथे आहे, म्हणून हा भाग सहाव्या मिनिटाच्या आधी यायला हवा.

वेळेचा हिशेब

मराठीत निवांत, कळेल असं बोललं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. स्वतःचा वेग फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करून मोजा. दहा मिनिटांच्या वेळेला आठ मिनिटांचं भाषण लिहा, म्हणजे ८०० ते ९०० शब्द; बाकी दोन मिनिटं हशा, टोमणे आणि मधेच आलेला फोन यांत जातात.

पहिल्या ३० सेकंदांत मान्यवरांची नावं घेऊ नका. ती सूत्रसंचालकाने घेतलेलीच असतात. थेट प्रश्नाने सुरुवात करा: "यंदा आपल्या गावावर किती टँकर पाणी पडलं असेल?" दोन मिनिटं पडलेलं आणि मुरलेलं. अडीच मिनिटं दगड आणि दोरी. दीड मिनिट पिण्याचं पाणी बाजूला काढायला. शेवटची दीड-दोन मिनिटं ऊस आणि ज्वारी, आणि तिथेच थांबा. 'पाणी हेच जीवन' म्हणण्याचा मोह होतो, पण त्याने समोरची वही बंद होते. आकडा मांडून खाली बसलात तर चर्चा सुरू होते.

पाच मिनिटांची कापलेली आवृत्ती तयार ठेवाच. सत्कार, नारळ, शाल आणि आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यांचं मनोगत यांत तुमच्या दहा मिनिटांची सहा होतात. अशा वेळी भरभर बोलून सगळं उरकणं हा सर्वांत वाईट मार्ग. पिण्याच्या पाण्याचा भाग एका वाक्यावर आणा, दगड ठेवा, दोरी वगळा.

दिवसही बघून घ्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाऊस अजून चालू असतो, ताळेबंद अर्धाच मांडता येतो. २६ जानेवारीला रब्बी उभी असते, सांगून उपयोग नाही. २ ऑक्टोबर ही योग्य तारीख: पाऊस जवळपास संपलेला, पेरणी व्हायची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात ताळेबंद आधी आणि पिकांचं ठरवणं नंतर हा क्रम वर्षानुवर्षं पाळला जातो, त्यामागे हेच आहे.

तालीम

मनात वाचून तालीम होत नाही. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून चार वेळा बोला. तिसऱ्यांदा घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, शक्यतो ज्याला शेतीतलं कळतं पण भूजलातलं नाही. संपल्यावर "कळलं का?" असं विचारू नका, माणसं 'हो'च म्हणतात. "काय सांगितलं ते मला सांग" म्हणा. तो कुठे अडखळला, कुठला आकडा चुकीचा सांगितला, तिथे भाषण दुरुस्त करा, त्याला नाही. पाठांतर फक्त पहिल्या तीन वाक्यांचं आणि शेवटच्या दोन वाक्यांचं. मधलं आकड्यांच्या कागदावरून बोला. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर फक्त आकडे.

जागेवर

दिवसा पत्र्याच्या शेडमध्ये प्रोजेक्टर दिसत नाही, आणि दिसला तर नेमकी तेव्हा वीज जाते. त्याऐवजी पांढऱ्या कागदावर जाड मार्करने लिहा. अंतराच्या दर दहा फुटांना एक इंच अक्षर हा ठोकताळा. शेवटची रांग ४० फुटांवर असेल तर चार इंचांची अक्षरं. देवनागरीत वेलांटी आणि अनुस्वार दुरून हरवतात, म्हणून ओळींत जागा सढळ सोडा. एका कागदावर एकच आकडा.

माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. कर्ण्याच्या समोर उभे राहू नका, शिट्टी वाजते. सभा देवळात असेल तर आवाज घुमतो: आवाज चढवू नका, वाक्यांमध्ये जास्त थांबा. बायका बहुधा एका बाजूला किंवा मागे बसतात आणि पाण्याचा हिशेब सगळ्यांत नेमका त्यांना ठाऊक असतो. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तिकडे बघून विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

प्रश्न येतात तेव्हा

"पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं, त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. पाणाड्याची टिंगल केली की अर्धी सभा गेली. "जागा कुणीही दाखवो, पाणी त्याच पन्नास हजार टँकरांतून येणार" एवढं पुरतं.

"पाचशे फूट नेलं तर?" बसाल्टमध्ये खोल बोअरला लागलेलं पाणी बहुतेक वेळा वरूनच भेगांवाटे उतरलेलं असतं. दोरी पुन्हा उचला: तिचं खालचं टोक कितीही लांबवलं तरी पाऊस वरूनच मुरतो.

तिसरा प्रश्न प्रश्न नसतो. "अमक्याचा पंधरा एकर ऊस आहे, त्याला आधी सांगा." इथे कुणाचंही नाव तोंडातून काढू नका, मान हलवून दुजोराही देऊ नका. "पाऊणशे एकर कुणाचे हे ठरवणं सभेचं काम, मी आकडा दिला" म्हणून माइक सरपंचांकडे द्या. ज्याचं उत्तर येत नाही त्याला 'येत नाही' म्हणा आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या देखत लिहून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, बरीचशी उत्तरं तिथे सापडतात.

आकड्यांचे कागद सभेनंतर गुंडाळून परत नेऊ नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, शेजारी ती ४० फुटांची दोरी घडी करून खिळ्याला टांगा, आणि खाली एक रिकामा कागद चिकटवा: तारीख, विहिरीची पातळी, कुणी मोजली. पहिली नोंद त्याच दिवशी, निघण्याआधी, तुम्ही करा.